तीन डावी वळणं

आमच्याकडचे रस्ते पट्टी ठेवून आखलेत.
कॅनोरा सोडून दक्षिणेला लागलात
की चोवीस मैल स्टिअरिंगवर नुसता हात टेकलेला पुरतो.
मग मोजणीदारांना आठवतं, पृथ्वी गोल आहे,
आणि रस्ता एकदम उजवीकडे मोडतो,
थोडा चालतो, पुन्हा सरळ होतो.
सस्कॅचेवानात गाडीचा दोष कळला तर त्या मोडणीवरच कळतो.

मला तिथंच कळला, मेअखेरीस,
आईची छासष्टची मस्टँग
विकायची म्हणून बाहेर काढली तेव्हा.
डावीकडे चाक बोटाच्या इशाऱ्यावर फिरायचं,
उजवीकडे मात्र ओलं दळण घातलेलं जातं.

तातोंना सांगितलं.
एक्याऐंशीचे तातो म्हणाले, टायरमधली हवा बघ.
हवा सारखी होती.
पुढची चाकं अदलाबदल कर.
केली. जडपणा जागचा हलला नाही.
पट्टा ताणलेला. तेल खुणेपर्यंत,
लाल, स्वच्छ, जळका वास नाही.
पंप बिघडला असता तर दोन्हीकडे जड झालं असतं, ते म्हणाले,
एका अंगाचं दुखणं झडपेचं असतं.
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.

आई रविवारी चर्चला जाताना
धान्याच्या कोठाराशी उजवीकडे वळायची नाही.
सरळ पुढे जायची. मग डावीकडे, पुन्हा डावीकडे, पुन्हा डावीकडे.
एवढ्याशा वळणासाठी अख्खी प्रदक्षिणा!
मागच्या सीटवर आम्ही पोरं खिदळायचो.
पराश्का मावशी म्हणायची,
डोकियाला माझ्या कुंपणावरचे लायलॅक बघायचे असतात.
तातो म्हणायचे, तिचा स्वभावच आडवळणाचा.
आई काही म्हणायची नाही,
हातमोजे मनगटाशी ओढून घ्यायची.

गाडीचं नाक लोखंडी घोड्यांवर चढवलं.
तातो पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकले,
बाहेर बूट तेवढे उरले.
दांडा सोडवला. टोपण काढलं.
"आता इंजिन सुरू कर. चाकाला हात लावू नकोस."

सुटा दांडा कुणी न ढकलता
आपला आपण बाहेर येऊ लागला.
त्यांनी नट पाव फेरा फिरवला. थांबेना.
आणखी पाव. आता तो उलटा आत निघाला.
तातो ओठांत फेरे मोजत होते,
मोजून निम्मे मागे घेत होते.
जिथं तो कुठंच जात नाही, ती जागा हवी, म्हणाले.
डास त्यांच्या कपाळावर बसले होते.
त्यांनी हाकलले नाहीत.

मग आतूनच विचारलं,
"ही झडप कधी बदलली, बघ गं."
डॅशबोर्डच्या कप्प्यात वही होती,
तेलाचा डबान् डबा आईच्या बारीक अक्षरात.
ऑक्टोबर शहाऐंशी. नवी झडप. नेस्तोरने बसवली.
एवढंच. पुढची ओळ बॅटरीची.

"बर्फ येणार होतं," ते म्हणाले.
"गहू उभा होता अजून.
नट मोजला नाही मी. नुसता आवळला."
इंजिन चालू होतं. दांडा
जागच्या जागी.
"टॉर्च जरा डावीकडे धर."
टॉर्च डावीकडेच होती.

अडतीस वर्षं.
माझ्याकडे त्याचा काही हिशेब नाही.
कदाचित तिला लायलॅकच आवडत असतील.

रात्री नऊला उजेड होता, गाडी चालवून बघितली.
तातो शेजारी, हात गुडघ्यांवर,
नखांत काळं तेल.
कोठार केव्हाच पाडलंय, वळण तेवढं आहे.
मी उजवा इंडिकेटर दिला.
चाक एका बोटावर आलं असतं.

"सरळ घे," ते म्हणाले.

पराश्का मावशीच्या घरी आता कुणी राहत नाही.
कुंपणावर लायलॅकच्या नुसत्या कळ्या.
वळणावर त्यांचे ओठ हलले, एक.
दुसऱ्या वळणावर, दोन.
तिसऱ्याला त्यांनी आकडा घेतला नाही.